उनझरीची माती

पौषातली थंडी झाडीपट्टीत नुसती अंगाला लागत नाही, हाडांत जाऊन बसते. गेल्या साली अशाच थंडीत रंभाची सगुणा साडेसात महिन्यांची जन्मली होती. आणि यंदा, संक्रांत होऊन चार दिवस झाले नाहीत तोच, रंभा तिला छातीशी धरून उनझरीला निघाली.

"वरस भरलं, आत्याबाई. शब्द देल्ला होता, जावं लागते," ती सासूला म्हणाली.

"शब्द काय देल्ला होता, आठवते ना?" रुखमाबाईनं पदर खोचत विचारलं. "पोरगी पायावर उभी राह्यली की आन, असं म्हणे ते बाई. अन् तुही लेक त अजून बसल्या जागेवरून कोंबड्याईले हाका मारून राह्यली."

हे खरंच होतं. आळीतल्या तिच्या बरोबरीच्या पोरी भिंत धरून चालायला लागल्या होत्या, आणि सगुणा बसली की बसली. रंभाच्या मनात ती सल होतीच. पण थांबायला आता वेळ नव्हता. होळीनंतर उनझरीचा पाडा डोंगराच्या पल्याड हलवणार, असं बाजारात कानावर आलं होतं. एकदा पाडा हलला की झुरीबाईला कुठं शोधायचं?

झुरीबाई म्हणजे त्या पाड्यावरची सुईण. गेल्या साली रंभा भावाच्या छकड्यातून माहेरी निघाली होती, पहिलं बाळंतपण म्हणून. जंगलात छकड्याचा आस मोडला आणि त्या हिसक्यानं तिच्या पोटात कळ उठली. भावानं हाका मारमारून पाडा जागवला. पोर जन्मली ती ओंजळीत मावेल एवढी. रडली नाही, नुसती मांजराच्या पिल्लागत कुईं केली. हात लावावा तर गार. झुरीबाईच्या घरात शेकोटी पेटवली तर धुरानं तिचा श्वास अडायचा, आणि शेकोटी विझवली की ओठ निळे पडायचे.

झुरीबाईनं मग कुणाला विचारलं नाही. उनझरी म्हणजे पाड्याजवळची गरम पाण्याची झरी. तिचं पाणी जमिनीतूनच उकळत वर येतं, आणि तिच्या कडेच्या मोहाच्या झाडाखालची माती बारा महिने कोमट असते. तिथं तिनं वीतभर खळगा केला, पळसाची पानं अंथरली, वर जुनेराची घडी टाकली आणि पोरीला टोपल्यात घालून टोपलं त्या खळग्यात ठेवलं. वरून गवताचा आडोसा केला. दिवसातून दहादा ती स्वतः आडवी व्हायची आणि आपला गाल मातीला लावून बघायची. माती जास्त गरम लागली की टोपलं चार बोटं सरकवायची. रंभा कापसाची वात दुधात भिजवून पोरीच्या ओठांत धरायची. असा सव्वा महिना त्या दोघींनी त्या जमिनीच्या भरवशावर काढला.

निघताना रंभानं आपल्या गाठोड्यातलं एकच धड लुगडं काढून तिच्यापुढं धरलं होतं. झुरीबाईनं ते परत केलं. "आता नाई घेत. पेडी पायावर येऊ दे, मंग घेईन." पेडी म्हणजे त्यांच्या गोंडीत मुलगी. ज्या पोराला त्या मातीनं राखलं, ते पोर वर्षानं येऊन त्याच मातीवर उभं राहील, त्याच्या आईच्या बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, तांदूळ झरीत शिजेल, आणि त्यातला पहिला घास सुईण खाईल, तेव्हाच तिनं हात पुढं करायचा. ही त्यांच्या पाड्याची रीत.

तर रंभाच्या गाठोड्यात नव्या चिनोराचा तांदूळ होता आणि कोष्ट्याकडून मुद्दाम विणून घेतलेलं हिरव्या काठाचं लुगडं होतं. छकडं तिचा नवरा मुखरू हाकत होता आणि मागं रुखमाबाईही बसली होती.

नाक्यावर छकडं अडलं. यंदाच सरकारनं ते सगळं जंगल उद्यान म्हणून राखलं होतं. आडवा बांबू होता, पत्र्याची पाटी होती आणि गळ्याला मफलर गुंडाळलेला नाकेदार इब्राहीम होता. हा चांद्याचा माणूस, बदली होऊन आलेला.

"उनझरी? नाई नाई, बाई. बिलकुल नाई." त्यानं हात आडवा केला. "बरसातीत एक बैल गेला तिथी. वरून जमीन चांगली दिसे, अन् खाली निसता उकळता चिखल. साहेब म्हणते जमिनीच्या पोटात आग हाये. तुमाले काही झालं त माही नोकरी जाईन."

"दुरूनच येतो, भाऊ," रंभा म्हणाली. "त्या जमिनीनंच जगवली हो हिले."

"जमीन कोनाले जगवते का?"

इतका वेळ रस्ताभर कुरकुरणारी रुखमाबाई आता मात्र छकड्यातून खाली उतरली. सुनेला आपण बोलावं ते वेगळं, परक्यानं बोलावं ते वेगळं.

"काऊन रे भाऊ, तू जलमला तवा तुह्या मायनं तुले कुठी ठेवलं होतं?"

इब्राहीम गडबडला. "कुठी म्हणजे? उबेत ठेवलं असन."

"मंग? हिची ऊब तिथी हाये. तुह्या मायच्या कुशीले कोनी बांबू आडवा लावला होता का?"

मुखरू खाली मान घालून हसला. इब्राहीमही हसला, मग डोकं खाजवून त्यानं कोपऱ्यातली काठी उचलली. "बैल इथीच राहीन अन् बैलवालाबी. मी समोर चालतो. माह्या पावलावर पाऊल. अन् काम झालं की लगेच वापस, एक मिनिट थांबाचं नाई."

वाटेनं रंभा सासूला सांगत होती. झुरीबाईनं सव्वा महिन्यात तिच्याकडून ते पाठच करून घेतलं होतं. "हिरवं असन तिथी पाय द्याचा, आत्याबाई. मुंग्या चालते तिथी माणूस चालते. पांढऱ्यावर जाचं नाई."

"समजलं ना वो. लहान पोर हाव का मी?"

मोहाचं झाड दिसलं तशी वाफही दिसली. गंधकाचा वास नाकात शिरला. वाट खोलगट होती, गवताची, पण ओली पिचपिचीत. आणि तिच्या कडेनं, गुडघाभर उंचीचा, पांढराशुभ्र, कोरडा ठणठणीत उंचवटा थेट झरीपर्यंत गेला होता. अगदी बांधीच्या धुऱ्यासारखा, शेताच्या बांधासारखा.

रुखमाबाईचा जन्म धानात गेलेला. पन्नास वर्षं ती चिखल टाळून धुऱ्यावरूनच चालत आली होती. कानांनी ऐकलं होतं, पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं. चिखल आला तसं तिनं धुतलेलं लुगडं उचललं आणि सवयीनं पाय त्या पांढऱ्या उंचवट्यावर टाकला.

पापड मोडावा तसा आवाज झाला. घोट्यापर्यंत पाय आत गेला, भसकन वाफ आली आणि रुखमाबाई किंचाळली.

इब्राहीम दहा पावलं पुढं होता. रंभा जवळ होती, पण तिच्या हातांत पोर होतं. एका हातानं सासू निघण्यासारखी नव्हती. रंभानं खाली पाहिलं. पायाशी हिरवं गवत होतं, त्यातून काळ्या मुंग्यांची रांग चालली होती आणि तळव्यांना माती कोमट लागत होती. तिनं विचार केला नाही. सगुणाला तिथं, त्या मातीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी सासूच्या कमरेला मिठी घालून मागं ओढलं. तोवर इब्राहीमनं काठी पुढं केली होती. तिघंही चिखलात धपकन बसली.

आरडाओरड ऐकून झुरीबाई धावत आली. सुकलेलं अंग, पांढरे केस, हातात पाण्यानं भरलेला भोपळ्याचा तुंबा. तिनं आधी कुणाकडं पाहिलं नाही. रुखमाबाईचा पाय धरला आणि गार पाण्याची धार सोडली. तुंबा संपला तसा इब्राहीमला पाड्यावर पिटाळून दुसरा आणवला. पाय लालभडक झाला होता, घोट्याशी फोड धरत होता, पण आतलं मांस शाबूत होतं.

"झटकन काढला म्हून वाचला," झुरीबाई म्हणाली. "कोन हो तू?"

"हिची सासू," कण्हत रुखमाबाई म्हणाली. "धुरा समजली, बाई, मी."

"सारे धानवाले तेच समजते. त्यो बैलबी धानवाल्याचाच होता."

इब्राहीमला खोकल्यासारखं हसू फुटलं. आणि तेव्हाच रंभाला आठवलं. पोर! इतक्या गलक्यात पोर एकदाही रडली नव्हती.

ती वळली. सगुणा होती तिथंच होती. उभी नव्हती, बसलेलीही नव्हती. पालथी होऊन, एक गाल मातीला लावून, मूठ तोंडाशी घेऊन गाढ झोपली होती. मातीच्या उबेनं गाल टमाट्यासारखे लाल झाले होते.

झुरीबाई तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली. सवयीनं स्वतःचाही गाल मातीला लावून तिनं बघितलं. "बरोबर हाये ऊब," ती पुटपुटली.

रंभाला बोलावंच लागलं. "बाई, ते अजून उभी नाई राहत. शब्द देल्ला तसा झाला नाई. पन तुमी होळीनंतर जासाल म्हणून..." तिनं लुगडं पुढं धरलं, आणि हात मागं घ्यावा की तसाच ठेवावा तिला कळेना.

झुरीबाई पोरीकडं बघत राहिली. "पायानं काऊन येईन ते? मांगच्या साली इथी आली तवा गाल टेकूनच होती. ओळखलं तिनं या मातीले." मग रंभाकडं पाहून म्हणाली, "अन् तू कोनाले न पुसता ठेवली तिले इथी. भेव नाई वाटलं?"

"नाई," रंभा म्हणाली, आणि हे खरं आहे हे तिला बोलल्यावर कळलं.

झुरीबाईनं चिखलाचे हात गवताला पुसले आणि लुगडं घेतलं. घडी न मोडता गालाला लावलं, जसा गाल मातीला लावायची तसं.

तांदळाची पुरचुंडी लांब बांबूला बांधून तिनंच झरीत सोडली. भात शिजला तसा पळसाच्या पानावर काढला. पहिला घास तिनं खाल्ला, डोळे मिटून सावकाश. दुसरा रुखमाबाईला भरवला. "पोरगी खाली ठेवून सुनेनं आधी तुले धरलं. ध्यानात ठेवजो."

रुखमाबाईनं घास गिळला. मग चिखलाचा हात पदराला पुसून सुनेच्या डोक्यावर ठेवला.

इब्राहीमनं सूर्याकडं पाहिलं. "चला, बाई. काम झालं."

"थांब ना रे भाऊ जरासा," रुखमाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "पोरगी झोपली हाये."

त्यानं काठी खाली ठेवली, मुंग्यांची रांग कुठं आहे ते बघितलं आणि बाजूला मांडी घालून बसला. झुरीबाईनं भाताचं पान त्याच्यापुढं सरकवलं. मग ती चौघं त्या कोमट मातीवर, वाफेच्या कडेला, आवाज न करता बसून राहिली, सगुणा आपणहून उठेपर्यंत.