कच्च्या मसुद्यातली ज्युलिएट

चंदनसारला पेडणेकर सरांच्या इमारतीत वीज सारखी जायची आणि विजेबरोबर नेटही जायचं. ब्लॉगवर थेट टाइप केलेला मजकूर दोनदा असा अर्ध्यावर नाहीसा झाला, तेव्हा सर वैतागले. पुण्याहून त्यांच्या मुलीने, ज्ञानदाने, फोनवर उपाय सांगितला.

"बाबा, कॉम्प्युटरवरच बसवायचं सॉफ्टवेअर मिळतं. नेट नसताना लिहा, आलं की एका बटणात ब्लॉगवर चढवा. पंधरा दिवस फुकट आहे, बघा जमतंय का."

सुधाकर पेडणेकर वसईच्या एका शाळेत चोवीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले होते. 'हातचा' नावाच्या ब्लॉगवर ते शाळेतल्या गमती लिहीत. जुने विद्यार्थी आवडीने वाचत. दोनशेच्या वर लोकांना नवा लेख परस्पर ईमेलने जाई. कोणी रस्त्यात भेटून "सर, परवाचं भारी होतं" म्हणालं, की त्यांचा तो दिवस चांगला जाई.

मंगळवारी सकाळी त्यांनी सॉफ्टवेअर बसवलं, ब्लॉगचा पासवर्ड दिला. मिनिटभरात डावीकडे यादी आली. सगळे जुने लेख आणि त्यांच्यातच मिसळलेले, कधी न छापलेले कच्चे मसुदेही. जोडाक्षरं नीट दिसतात का हे पाहायला सरांनी एक लांबलचक मसुदा उघडला. 'ज्युलिएट'. तो त्यांनी चार वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता आणि त्यानंतर उघडला नव्हता. थोडं वाचल्यावर पुढे वाचवेना. एक स्वल्पविराम चुकला होता तेवढा दुरुस्त केला आणि वरचं निळं बटण दाबलं. ते जतन करण्याचं असेल, असं त्यांना वाटलं.

मग ते आंघोळीला गेले. बाहेर आले तर बायको, विनया, त्यांचा फोन हातात घेऊन उभी होती.

"अहो, केव्हाचा वाजतोय. ही ज्युलिएट कोण?"

सर तसेच कॉम्प्युटरकडे धावले; निळं बटण जतन करण्याचं नव्हतं, प्रसिद्ध करण्याचं होतं.

मसुद्यात सगळं होतं. अठ्ठ्याण्णव साल, दहावीची पूर्वपरीक्षा, बीजगणिताचा पेपर फुटला. पाचूबंदरच्या एका मच्छीमाराची मुलगी ज्युलिएट, तिला पंचाहत्तरात बहात्तर पडले आणि संशय तिच्यावर गेला. मुख्याध्यापकांनी तिच्या बापाला बोलावून चारचौघांत सुनावलं. बापाने तिला त्याच दिवशी शाळेतून काढलं. पेपरचं कपाट उघडं राहिलं होतं पेडणेकर सरांच्या हातून. पेपर चोरला होता एका विश्वस्ताच्या मुलाने. हे शिपायाने सरांना तिसऱ्या दिवशी सांगितलंही. पण सरांची नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. ते गप्प बसले.

त्यांनी लेख ताबडतोब खाली उतरवला. पण ईमेल गेले होते, आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कोणीतरी लेखाचे फोटोही टाकले होते. तिथे कौतुकाचा नुसता पूर आला होता. 'सर, एवढं कबूल करायला छाती लागते.' 'असे शिक्षक आता होणे नाही.' जितेंद्र नावाच्या एकाने तर लिहिलं होतं, 'आज सरांबद्दलचा आदर दुप्पट झाला.'

सर ते वाचत बसले. लाज वाटत होती, आणि तिच्याखाली कुठेतरी बरंही वाटत होतं. या बरं वाटण्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

"चुकून गेलं म्हणून सांगा की सगळ्यांना," विनया म्हणाली.

"सांगतो."

पण दोन दिवस त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. "सर, मी ज्युलिएट. घरी या एकदा. फोनवर नको."

पाचूबंदरला ते दुपारी पोचले. लिलाव आटपला होता, बायका रिकाम्या टोपल्या धूत होत्या. ज्युलिएट दारातच उभी होती. चाळिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली. आता ती इथल्या लिलावात मासळी घेऊन वसईच्या बाजारात विकायची. सरांनी तिला ओळखलं नसतं. तिने "बसा" म्हटलं नाही. ओट्याच्या टोकाला तिचे वडील सिप्रियन जाळं मांडीवर घेऊन बसले होते; पंचाहत्तरीचे, ऐकायला थोडे कमी.

"माझी मर्लिन नववीत आहे, त्याच शाळेत," ज्युलिएट हळू आवाजात म्हणाली. "तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. परवा वर्गातल्या मुलीने फोनवर दाखवलं. 'तुझी मम्मी ती पेपरवाली का?' म्हणून विचारलं. मर्लिन दोन दिवस शाळेत गेली नाही."

"पण त्यात स्पष्ट लिहिलंय, की तू..."

"कोण एवढं वाचतं, सर? नाव वाचतात. माझं नाव घालताना मला विचारायचं नाही?"

वाटेत त्यांनी मनाशी चार वाक्यं जुळवली होती, मनावरचं ओझं वगैरे. ती त्यांना आता आठवतसुद्धा नव्हती.

"ग्रुपवर सगळे म्हणतात सरांनी हिंमत केली," ती म्हणाली. "मलाही आधी वाटलं, उशिरा का होईना, बोलले. खरं सांगा, ठरवून टाकलंत?"

हो म्हटलं असतं तर तिला ते खोटं आहे हे कधीच कळलं नसतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"नाही. नवीन सॉफ्टवेअर लावून बघत होतो. चुकीचं बटण दाबलं गेलं."

"म्हणजे तसं तुम्ही कधीच सांगितलं नसतं."

"नसतं सांगितलं."

ती म्हणाली, "निदान हे तरी खरं बोललात. आता आणखी दोन कामं करा. शाळेला कागदावर लिहून द्या, सहीनिशी. तो कागद मला हवा, मर्लिनसाठी. आणि बाबांना सांगा. त्यांना वाचता येत नाही, आणि मी सव्वीस वर्षं सांगतेय ते त्यांनी कधी खरं मानलं नाही."

सर सिप्रियनजवळ जाऊन खाली बसले. ऐकू जावं म्हणून मोठ्याने बोलावं लागलं, त्यामुळे शेजारच्या दोन घरांतही ऐकू गेलं. कपाट मी उघडं टाकलं. पेपर दुसऱ्याने घेतला. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. तुमच्या मुलीने काही केलं नव्हतं.

सिप्रियनचा हात जाळ्यावरच थांबला. त्यांनी विचारलं, "मार्क किती होते तिला?"

"बहात्तर. पंचाहत्तरात."

"तिचे सोताचे?"

"तिचे स्वतःचे."

"मी तिला मारली होती," म्हातारा म्हणाला. "शाळेतून घरापरेंत, सगल्या रस्त्यानं मारत आणली होती." हे तो सरांना सांगत नव्हता, कोणालाच सांगत नव्हता. मग मान वर न करता म्हणाला, "ज्युली, मास्तरांना पानी दे."

ज्युलिएट आत गेली. पाणी आणायला तिला फार वेळ लागला. तांब्या सरांसमोर ठेवून ती लगेच वळली, तरी तिचे लाल झालेले डोळे त्यांना दिसले.

घरी येऊन सरांनी लेख पुन्हा उघडला. ज्युलिएटचं नाव, गाव, बापाचा धंदा सगळं काढलं, स्वतःचं तेवढं ठेवलं. वर चार ओळी लिहिल्या: हा लेख मी धैर्याने प्रसिद्ध केलेला नाही, चुकून झाला, कोणी माझं कौतुक करू नये. या वेळी निळं बटण त्यांनी जाणूनबुजून दाबलं. ग्रुपवर सामसूम झाली. जितेंद्रने आपला आधीचा निरोप पुसून टाकला. संध्याकाळी त्या विश्वस्तांच्या घरून फोन आला, बोलणं फार वेळ चाललं, आणि फोन ठेवल्यावर सर विनयाला एवढंच म्हणाले, "धमकी नाही म्हणता येणार."

शाळेला द्यायचं पत्र त्यांनी हाताने लिहिलं. नव्या मुख्याध्यापिकेने ते दोनदा वाचलं. "वरिष्ठांशी बोलून कळवते" म्हणत पोच म्हणून प्रतीवर शिक्का दिला. ती प्रत घेऊन सर थेट वसईच्या बाजारात गेले.

ज्युलिएटच्या पाटीपुढे चार गिऱ्हाइकं होती. तिचे दोन्ही हात ओले, कोयता चालू. सरांनी प्रतीचं पाकीट पुढे केलं.

"पिशवीत ठेवा, मागे आहे," ती म्हणाली.

सरांनी वाकून ते पिशवीत, कोरड्या बाजूला, नीट ठेवलं. "मर्लिन शाळेत जायला लागली का?"

"सोमवारी जाते म्हणाली. बघू."

आणखी काही बोलेल म्हणून सर थोडं थांबले. मागच्या बाईने बोंबलाचा भाव विचारला आणि ज्युलिएट तिच्याकडे वळली.