कलाबाईचं कार्ड

गेल्या सोमवारी कलाबाई धानोऱ्याकडच्या जंगलातून दोन बसा बदलून आरमोरीले आली अन् माह्या टेबलावर गाठोडं ठेवलं. आत पाच पुरचुंड्या. हिरानक्की, चिन्नोर, सारं गावठी धानाचं बियाणं.

"घे रंजीता, हे दुसऱ्या कोणाले सांभाळाले दे."

"काऊन व? काय झालं?"

"तुमी मले काढलं ना! माह्या नातीनं, मोनालीनं मोबाईलात पाह्यलं. लुचई धानाले भुंगा लागला, बी गेलं, चूक माहीच. पण बाकीच्या बियाण्यानं काय केलं? त्याले तरी ठेवा."

मी चाटच पडली. आमच्या बियाणे गटाचं वेबपान मीच बनवलं. त्यात दर बाईचं एक कार्ड, फोटोसकट. कार्डात एकेका बियाण्याची ओळ, ओळीत 'संपलं' असं बटण. महिन्याआधी लुचईचं बटण मीच दाबलं अन् न पाहताच पान बंद केलं होतं. आता उघडून पाह्यलं, तं अख्खं कार्डच गायब!

आधी तापली. "कोणी हात लावला?" म्हणून गटातल्या बिचाऱ्या मंजुषावर ओरडली. मंग कोड उघडला. माती मीच खाल्ली होती. बटणापासून वर ओळीपर्यंत जायाले parentElement दोनदा लिहिलं होतं, म्हंजे दोन पायऱ्या. दिवाळीत पान सजवाच्या नादात बटणाभोवतीची चौकट मी काढून टाकली, तवा एक पायरी कमी झाली. कोड मात्र दोनच चढत राह्यला, ओळ ओलांडून थेट कार्डावर. एका बियाण्यापायी बाईच पुसली.

पायऱ्या मोजनंच सोडलं. closest लिहिलं: वर जा, बियाण्याची ओळ भेटली का थांब, तेवढीच काढ. जुन्या प्रतीतून कार्ड परत आणलं अन् तिले म्हटलं, "दाब बटण."

"नाई व! पुन्हा जाईन मी."

तिचं बोट धरून मीच दाबलं. लुचईची ओळ गेली. फोटो तिथंच, खाली पाचही बियाणं.

कलाबाईनं फोटोवर बोट ठेवलं. मंग हळूच विचारलं, "म्हंजे माह्यावर कोणी रागावलं नोतं?"

महिनाभर हेच घेऊन बसली होती म्हातारी. मले रडूच आलं. "नाई व माय," म्हटलं, "कोणीच नाई."


तिनं पदरानं आधी माहे डोळे पुसले, मंग आपले.