खिसे तपासणारा बटवा

मित्रांनो, माझ्या विटलेल्या रंगावर जाऊ नका. मी एक जुना कापडी बटवा आहे खरा, पण मी जेवढे खिसे आतून पाहिलेत, तेवढे एखाद्या खिसेकापूनेही पाहिले नसतील! घाबरू नका, माझा धंदा अगदी सरळ आहे.

माझा जन्म एका शिंपीणमावशीच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी सुटाचं निळं कापड उरलं होतं. त्यातून तिने मला बेतलं, आत पिवळं अस्तर लावलं आणि तोंडाला टिचबटण बसवलं. काय तोरा होता तेव्हा माझा! कारण मावशीने आपलं बँकेचं कार्ड माझ्याच पोटात ठेवलं. त्या खात्यात तिची सहा वर्षांची शिल्लक होती. तिला ओव्हरलॉकचं मशीन घ्यायचं होतं. तोवर प्रत्येक कपड्याच्या कडा ती हाताने शिवायची आणि संध्याकाळी बोटं चोळत बसायची.

दुकानात एक शिस्त होती. कापड आलं की त्याला नंबराची चिठ्ठी टाचायची. चिठ्ठीशिवाय वस्तू ठेवणं मावशीला जमतच नसे. मग मी तरी कसा सुटणार? कार्डाचा चार आकडी गुप्त नंबर तिने माझ्या अस्तरावर लाल दोऱ्याने चक्क भरला!

काज-बटणाचं काम करायला तिची वहिनी येत असे. तिने ते पाहिलं आणि डोळेच विस्फारले. "वन्सं, अहो, कुलपालाच किल्ली बांधलीत की!"

"विसरले तर काय करू, वहिनी? माझं डोकं म्हणजे मापांचं गोदाम झालंय," मावशी म्हणाली.

खोटं कशाला बोलू, मला ते लाल आकडे फार आवडले. मी ते दागिन्यासारखे मिरवत होतो. अक्कल कमी, दुसरं काय!

माझं खरं काम मात्र खिशांचं. मावशी म्हणे, "रिकामा खिसा सगळ्यांचाच छान दिसतो, भरल्यावर खरं कळतं." म्हणून कपडा तयार झाला की ती मला खिशात सरकवायची, चार पावलं मागे जायची आणि मान तिरकी करून बघायची. मी वाकडा बसलो की खिसा उसवलाच म्हणून समजा. पुढे गिऱ्हाइकं खिशाची तारीफ करत, आणि मी गालातल्या गालात हसत असे.

एके सकाळी गायनमास्तरांचा काळा कोट तयार झाला. मावशीने मला आतल्या खिशात सरकवलं, तेवढ्यात एक गृहस्थ आखूड झालेली पँट घेऊन भांडायला आले. मावशी तिकडे वळली. भांडण मिटलं, कोट खुंटीवर गेला आणि मी कोटातच राहिलो.

दुपारी दोरे आणायला निघताना तिने माझा खण उघडला. खण रिकामा!

"वहिनी, बटवा नाही हो!"

मग काय, दुकान उलटंपालटं झालं. खोकी झाली, चिंध्यांचं गाठोडं झालं, मशीनखाली झाडू फिरला. "सकाळपासून किती जण कपडे घेऊन गेले! कोणाबरोबर गेला असला तर? नंबरही आतच आहे. सहा वर्षं, वहिनी, सहा वर्षं!" मावशी चिंध्या पुन्हा उपसू लागली. मी तिच्या डोक्यावरच लटकून ओरडत होतो, "अगं, इथे आहे, इथे!" पण बटव्याचं तोंड असतं ते फक्त उघडायला. मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

"शोधू नंतर," वहिनी म्हणाली. "आधी कार्ड बंद करा, वन्सं."

शहाणी बाई! पण पुढची चूकही तिचीच. तिने बँकेचा नंबर मोबाइलवर शोधला आणि जो सगळ्यात वर दिसला तोच लावून दिला.

पलीकडचा आवाज अगदी साखरेत घोळलेला. "काही काळजी करू नका, ताई. मी बँकेतूनच बोलतोय." त्याने खाते क्रमांक विचारला. मावशीने पासबुकातून वाचून दाखवला. "आता मेसेजमध्ये सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा."

मावशी चष्मा शोधू लागली.

"लवकर, ताई, लवकर! एक मिनिट उरलंय, नाहीतर सगळे पैसे जातील!"

इथेच तो फसला. मावशी सगळं सहन करेल, पण घाई नाही. घाई करणारं गिऱ्हाईक समोर आलं की ती हातातली कात्री खाली ठेवते.

"भाऊ, घाईत मी रुमालसुद्धा कापत नाही," ती म्हणाली. "थांबा जरा." तिने चष्मा लावला आणि मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. हा क्रमांक तुमच्या खात्यातून रक्कम पाठवण्यासाठी आहे, तो कोणालाही सांगू नका, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

"काय हो, मला कार्ड बंद करायचंय. पैसे पाठवायचा नंबर तुम्हाला कशाला हवा?"

साखर क्षणात विरघळली. "बाई, तुम्हाला काही कळत नाही!"

"कळलं, म्हणूनच ठेवते," मावशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला. शाब्बास! मी कोटाच्या आत नाचलो.

मग तिने पासबुकावर छापलेला नंबर लावला. या वेळी खरी बँक होती. तिथल्या बाईंनी लगेच कार्ड बंद केलं, झाला प्रकार ऐकून घेतला आणि शिल्लक जशीच्या तशी असल्याचं सांगितलं. वहिनीला रडूच फुटलं. "माझ्यामुळे सगळं गेलं असतं, वन्सं."

"अहो, आधी बंद करा असं तुम्हीच म्हणालात ना? पुसा डोळे," मावशी म्हणाली. पण डोळे तिचेही भरले होते.

संध्याकाळी गायनमास्तर आले. कोट चढवला, आरशासमोर एक तान घेतली आणि आतल्या खिशात हात घातला. "वा, मावशी! कोटावर बटवा फुकट?" त्यांनी टिचबटण उघडलं, अस्तरावरचे आकडे पाहिले आणि ते चारही आकडे खड्या आवाजात गाऊन दाखवले! समोरच्या फुटपाथवरचे दोघे वळून बघू लागले.

मावशीने कपाळावर हात मारला. मग तिला असं हसू फुटलं की बसायला स्टूल लागलं. "गा, मास्तर, खुशाल गा! ते कार्ड कधीच बंद झालंय."

त्याच संध्याकाळी ब्लेड घेऊन तिने लाल दोरा उसवला. मला गुदगुल्या झाल्या आणि दागिना गेला म्हणून थोडं वाईटही वाटलं. महिन्याभरात ओव्हरलॉकचं मशीन आलं. आता मावशी संध्याकाळी बोटं चोळत नाही, वहिनीशी गप्पा मारत चहा पिते. नवं कार्ड माझ्याच पोटात आहे. त्याचा नंबर मात्र फक्त तिच्या डोक्यात आहे.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. आज घरी मोठ्यांना विचारा, कार्डाबरोबर नंबराची चिठ्ठी तर नाही ना? असली तर त्यांच्याकडूनच फाडून घ्या. कार्ड हरवलं तर आधी बंद करायला सांगा, आमच्यासारख्यांना मग शोधा. बँकेचा नंबर पासबुकावरूनच घ्या. आणि फोनवर कोणी घाई करू लागला, तर बेधडक फोन ठेवा.

काल गायनमास्तर पुन्हा आले होते. त्यांनी मला उघडलं आणि अस्तर उलटसुलट करून पाहिलं. "अरेच्चा! आज गायला काहीच नाही?"

मी मुकाट्याने पोट पुढे काढून बसलो. सगळ्या जन्मात माझी छाती एवढी फुगली नव्हती.