पापणीवरचा कापूस

जून लागला की आमच्या नारीन शहरात पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडतो. रस्त्यात, चहात, नाकातोंडात, जिकडे तिकडे कापूस! त्या दुपारी तो इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डातही तरंगत होता. सगळ्या अर्धवट झोपेत. नर्सिंग शिकणारी बुरुल खाटांमधून फिरत होती, तिच्याही डोळ्यांवर पेंग होती.

शेवटच्या खाटेवर जाझगुल, सकाळीच बाळंत झालेली पहिलटकरीण. उशाशी तिच्या सासूबाई सैराकान, मांडीवर रश्श्याचा डबा घेऊन.

"कसं वाटतंय गं?" बुरुलने विचारलं.

"छान आहे ती!" उत्तर सासूबाईंचं. "आमच्या घरच्या सुना कुरकुरत नाहीत हो."

जाझगुल नुसती हसली. सासूसमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, ही आमची रीत. बुरुलने रक्तदाब पाहिला, ठीक होता. ती वळली.

तेवढ्यात कापसाचा एक पुंजका अलगद उतरला आणि जाझगुलच्या पापणीवर बसला. दुसरा बाळाच्या गालावर. मघाशी हीच पोर बाळावरचा कण न् कण टिपत होती. आता तिचा हात हललासुद्धा नाही. बुरुलची पेंग उडाली.

दाराशी तिला शिकवणारी जुनी नर्स तुर्सुनाय उभी होती. "एजे," बुरुल म्हणाली, आमच्याकडे थोरल्या बाईला असंच ताई म्हणतात, "रक्तदाब ठीक आहे, पण..."

"त्या 'पण'लाच नर्सिंग म्हणतात, बाई! रक्तदाब उशिरा पडतो, नाडी आधी धावते. ती बघितलीस? आणि विचारलंस कुणाला, हिला की सासूला?"

बुरुलचे कान तापले. तिने मनगट धरलं. हात गार, नाडी पळत होती.

"आपा, जरा बाहेर बसता का?" ती सासूबाईंना म्हणाली.

"मी काय परकी आहे?" सैराकान फणकारल्या. "कालची पोर मला बाहेर काढते!"

"परक्या नाही, आपा. पण तुमच्यासमोर ती बोलायची नाही."

सासूबाई पुटपुटत गेल्या. जाझगुलचे ओठ हलले. "खालची चादर ओली झालीय... मघापासून. आपांसमोर कसं सांगू?"

बुरुलने पांघरूण बाजूला सारलं. अरे देवा, केवढं रक्त!

"डॉक्टरांना बोलवा!" तुर्सुनाय ओरडली आणि बुरुलचा हात धरून तिने जाझगुलच्या पोटावर दाबला. "गर्भाशय मऊ पडलंय. चोळ, सोडू नकोस!"

डॉक्टर धावत आले. इंजेक्शन झालं, सलाइन लागलं. बुरुल चोळत राहिली, आणि हाताखालचा मऊ गोळा हळूहळू घट्ट झाला. रक्त आटोक्यात आलं.

बाहेर सैराकान रडत होत्या. "मी तर शेजारीच बसले होते गं! मला कसं कळलं नाही?"

संध्याकाळी त्या सुनेजवळ वाकल्या. "पोरी, कसं वाटतंय? तूच सांग. मी गप्प बसते."

"आपा, कंबर फार दुखतेय," जाझगुल म्हणाली, आणि बाळाच्या गालावरचा कापूस तिने बोटाने टिपला.

मंडळी, गप्प असणं म्हणजे बरं असणं नव्हे. घरात कुणी आजारी असेल, तर दुखणं त्याचं त्यालाच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत आपण जरा तोंड मिटून बसा!