धनराजच्या विरहातली बाई

धनराजचा दुसरा अल्बम मोबाईलवर आला आणि गावानं एकमतानं ठरवून टाकलं, की या माणसाचं बाहेर काहीतरी आहे. सगळी गाणी रडकी. प्रत्येक गाण्यात कुणी एक साजणी मूल गावच्या वाटेवर हात सोडून निघून गेलेली. आणि धनराजची बायको रंजीता तर घरात, ठणठणीत, अंगणात धान वाळवत बसलेली. मग ही साजणी कोण?

शेजारची सोमारीबाई धीर द्यायला आली. "रडून घे बाई, मन मोकळं कर. मले त त्या बसच्या कंडक्टरबाईवर शंका हाये. गाण्यात तिकिटाचं नाव येते."

रंजीताला हसू आवरेना. साजणी कोण ते तिला पक्कं ठाऊक होतं. साजणीला भरघोस मिशा होत्या. साजणी सध्या मूलच्या राईस मिलमध्ये पोती उचलत होती आणि तिचं नाव कुलदीप होतं.

धनराज गायचा आणि कुलदीप ढोलकी वाजवायचा. दोघांची 'झंकार पार्टी' लग्नात, मंडईच्या जत्रेत, बारशात, बोलावतील तिथे जायची. ती मोडली कशावरून, तर जीपच्या समोरच्या सीटवरून. धनराज म्हणे, मागे धूळ येते, माझा गळा बसतो. कुलदीप म्हणे, मागे चेंगरून ढोलकीचं चामडं फाटते. भर रस्त्यात दोघं उतरले, दोन दिशांना चालू लागले आणि जीप रिकामीच पुढे गेली.

तेव्हापासून धनराजनं धानाच्या पोत्यांच्या खोलीत गोधड्या टांगून स्टुडिओ केला. ढोलकीच्या जागी मोबाईलमधला तयार ठेका. पहिला अल्बम 'एकटा मी', दुसरा 'एकटाच मी'. ढोलकीवाल्यासाठी रडलेलं कोण ऐकणार, म्हणून साजणी घातली. माणूस खरोखर खंगला होता. झिंग्यांची भाजी समोर ठेवली तरी सुस्कारे टाकायचा. आता तिसऱ्याचं नावही ठरलं होतं, 'अजूनही एकटाच मी'.

रंजीताला त्याची कीव यायची. पण सोमारीबाई गेल्यावर तिला एक गोष्ट लागली ती लागलीच. लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाबानं आपल्यावर एक ओळ लिहिली नाही. आणि त्या मिशाळ माणसावर दोन अल्बम! कंडक्टरबाई असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी ती तडक मूलला गेली. कुलदीप मिलच्या बाहेर एका पोत्याला टेकून बसला होता. कानात धनराजची गाणी, डोळे लाल.

"कोंड्यानं झाले," तो डोळे पुसत म्हणाला. मग राहवेना. "वहिनी, त्यानं माह्या जागी मशीन लावली? मशीन? त्या ठेक्यानं मले जेवण जात नाई."

"मंग चाल घरी."

"त्यानं बोलावलं काय?"

"नाई. मी बोलावून राह्यली. घरात एक रडून राह्यला, इथी एक. मी किती जणायले पाहू?"

कुलदीपनं ढोलकी घेतली आणि मुकाट्यानं निघाला. दारात दोघं समोरासमोर आले. रंजीताला वाटलं, आता गळ्यात पडतील.

"दुसऱ्या गाण्यात तू बेताल झाला," कुलदीप म्हणाला.

"मी? मशीन झाली बेताल!"

"मशीन कशी बेताल होईन, येड्या?"

असे भांडले, असे भांडले, की सोमारीबाई भिंतीवरून डोकावून गेली. भांडता भांडता दोघांनी टोपलं भरून भात आणि सगळी भाजी संपवली. धनराजचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला होता. रंजीताचा जीव भांड्यात पडला. बरं वाटलं तिला, खरंच बरं वाटलं. तेवढ्या भरात ती बोलून गेली, "तिसऱ्यात एक गाणं माह्यावर करा न."

धनराज बोटं चाटता चाटता थांबला. त्यानं मनापासून विचार केला, हे मात्र खरं. मग म्हणाला, "तुह्यावर कायचं गाणं? तू कुठी सोडून गेली?"

रंजीता उठली. आत गेली, पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि चप्पल घालून बाहेर आली.

"कुठी चालली?"

"ब्रह्मपुरीले. माहेरी. अल्बम पुरा झाला की फोन करजा."

"अवं, पण... रंजीता! चहा कोण... अवं, मी कसा राहू?" धनराज उष्ट्या हातानं अंगणात धावला. आवाज चिरकला, डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं.

मागून कुलदीप ओरडला, "थांब, थांब, हेच म्हण! मी ठेका धरतो."

रंजीता रस्त्याला लागली. मागून ढोलकी वाजू लागली आणि धनराज रडत रडत तिचं नाव घेऊन गाऊ लागला. पहिल्याच ओळीत तो बेताल झाला होता. ब्रह्मपुरीची जीप येऊन उभी राहिली, पण तिनं ती जाऊ दिली आणि कडवं संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.