पॉलिशवाल्याच्या घरचं टेबल

लोकांच्या फर्निचरवरचे पाण्याचे डाग काढण्यात पॉलिशवाल्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर मात्र डागांचा बाजार भरला होता.

"अहो, एवढं टेबल बघा ना," बायको म्हणायची.

"बघतो गं. तोवर वर काहीतरी अंथरून ठेव."

तिने प्लॅस्टिकचं कापड अंथरलं. 'तोवर' काही संपेना. सांडलेलं पाणी कापडाखाली शिरायचं आणि तिथेच कोंडून राहायचं. एके दिवशी कापड उचलून पाहिलं, तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पेल्यांची पांढरी वर्तुळं, आणि मधोमध ताटाएवढा काळा डाग.

नवऱ्याचं ऐकून ऐकून तिला एवढं कळत होतं की पांढरा डाग म्हणजे ओल पॉलिशमध्येच अडकलेली. सुती फडका टाकून तिने कोमट इस्त्री फिरवली. वर्तुळं विरली. काळा डाग ढिम्म हलेना. तिथे पाणी थेट लाकडात उतरलं होतं.

"काळ्याला वेळ लागतो," नवरा म्हणाला. "सगळं पॉलिश खरवडावं लागतं. आता गिऱ्हाइकं डोक्यावर बसलीत."

"मग मीही बसू का डोक्यावर?"

"तू तर कायमचीच बसलीयस," म्हणत त्याने चपला घातल्या.

ती तडक समोरच्या शिवणवाल्या ताईंकडे गेली. "ताई, तुमचं नाव वापरू? मला माझ्या नवऱ्याचं गिऱ्हाईक व्हायचंय."

ताई हसून हसून बेजार झाल्या. दोघींनी स्क्रू काढून टेबलाची फळी सुटी केली, पाय मागच्या खोलीत सरकवले, फळी जुन्या चादरीत गुंडाळली आणि टेम्पोवाल्याबरोबर दुकानात धाडली. मग ताईंनी फोन लावला.

"भाऊजी, आमच्या टेबलाची फळी पाठवलीये. घाई नाही हं."

"घाई नाही कशी? तुमचं काम म्हणजे घरचं काम!"

फोनला कान लावून ऐकणाऱ्या बायकोने दातओठ खाल्ले. घरचं काम म्हणे!

त्या रात्री तिने पानं जमिनीवर मांडली. नवरा मांडी घालून बसला आणि मुकाट जेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आज पण खालीच?"

"हो."

"बरं," म्हणून त्याने आमटी वाढून घेतली. टेबल कुठे गेलं, हे त्याने विचारलं नाही. कापडाखालची ती फळी त्याने इतक्या वर्षांत धड पाहिलीच नव्हती, तर दुकानात ओळखणार कशी?

वर कौतुक ऐकावं लागलं ते वेगळंच. "ताईंचं लाकूड काय सुंदर आहे गं! आणि त्यावर प्लॅस्टिक अंथरून नुसतं सडवलंय. कुणाच्या डोक्यातून निघतं असलं?"

"असेल कुणीतरी शहाणा," ती म्हणाली.

रोज तो फळीची खबर सांगायचा. आज पॉलिश उतरवलं, आज डाग फिका पडला, आज पहिला हात मारला. सांगताना त्याचा चेहरा उजळायचा. तिला त्या फळीचा चक्क मत्सर वाटू लागला.

काम झाल्यावर तो स्वतःच फळी घेऊन ताईंकडे पोचला. ताईंचं टेबल जागेवर धडधाकट उभं होतं, वर शिलाई मशीन.

"ताई, ही बसवायची कशावर?"

"समोरच्या घरात चार पाय उभे आहेत बघा."

समोर दारात बायको उभी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग फळीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"ही आपली?"

"आपली. हिच्यावर तुम्ही रोज जेवत होता."

"तरीच मला लाकूड ओळखीचं वाटलं."

"लाकूड ओळखता हो, घर तेवढं ओळखत नाही!"

तिने ऐकवायला बरंच काही साठवून ठेवलं होतं. पण ताई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि हा फळी पोटाशी धरून, ओरडा खाल्लेल्या पोरासारखा उभा होता. तिने पुढे होऊन फळीचं दुसरं टोक धरलं. स्वतःच्या या मदतीचाही तिला रागच आला.

घरात येऊन तो टेबलाखाली उताणा झोपला आणि फळी पायांना जोडू लागला. चकचकीत फळीत अख्खी खिडकी दिसत होती. तिने वाकून पाहिलं. मधोमध एक पुसटशी सावली राहिली होती.

"हे राहिलंय."

"खूप खोल गेलं होतं," तो खालून म्हणाला. "आणखी घासलं तर लाकूडच जाईल."

"राहू दे मग."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. कुणीतरी गिऱ्हाईक असणार. त्याचा हात खिशाकडे गेला. तिने टेबलाखाली डोकावून नुसतं पाहिलं.

फोन वाजून वाजून बंद पडला. तो पुढचा स्क्रू पिळत राहिला.