एक रिकामी खाट

स्मृतीने प्रोग्रॅम पुन्हा चालवला आणि लॅपटॉप वसतिगृह चालवणाऱ्या विमलाबाईंकडे वळवला. प्रवेशपरीक्षेचे गुण उतरत्या क्रमाने नीट लागले होते. मुलींची नावं मात्र नव्हती. त्यांच्या जागी शून्य, एक, दोन असे नुसते आकडे.

"नावं कुठं गेली गं?"

"हा सॉर्ट, म्हणजे क्रम लावणारा हुकूम, फक्त गुण लावतो, अक्का. नावं टाकून देतो. नावं धरून ठेवणारा वेगळा असतो." तिचा आवाज उतरला. "काल घाईत मी अर्ज आले त्याच क्रमाने नावं परत घातली."

मीनाक्षीचा अर्ज सगळ्यांत आधी आला होता. दाजीबानपेठेतल्या या वसतिगृहात एकच खाट रिकामी होती, आणि प्रवेशपरीक्षेत सत्तेचाळीस गुणांनी पहिली आल्याचा फोन काल तिच्या घरी गेला होता.

"खरी पहिली कोण?"

"दीपाली. तिला आपण नाही म्हणून कळवलंय."

विमलाबाई उठल्या. पलीकडच्या खोलीत मीनाक्षी खाटेवर चादर घालत होती. तिचे वडील अप्पाजी अळणावरकडच्या खेड्यातून सकाळच्या बसने आलेले. ट्रंकेवरच बसले होते.

"अक्का, गावात साखर वाटून आलो बघा. पन्नासात सत्तेचाळीस म्हणजे थोडं नव्हं."

"अप्पाजी, आमची चूक झाली. ही खाट दुसऱ्या मुलीची आहे."

अप्पाजी हळूहळू उभे राहिले.

"आणि हिचे सत्तेचाळीस?"

उशीवर मीनाक्षीचा हात थांबला. तिने मान वर केली नाही. विमलाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. इतकी वर्षं शाळेत शिकवलं, पण कुणाला अर्धा गुण वाढवून दिला नव्हता त्यांनी.

"ते हिचेच," त्या म्हणाल्या. "घोळ खाटेचा झालाय."

दारात आलेली स्मृती काही बोलणार होती. विमलाबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"नाही, अप्पा," मीनाक्षी म्हणाली. "गणिताचं पान मी कोरंच सोडलं होतं. फोन आला तेव्हाच कळलं मला, काहीतरी चुकलंय."

खाली पेठेत हातगाडीवाला कन्नडमध्ये वाट मागत होता. अप्पाजींनी ना मुलीकडे पाहिलं, ना विमलाबाईंकडे. वाकून त्यांनी ट्रंकेचं झाकण उघडून धरलं.

मीनाक्षीने चादर काढली, टोकाला टोक जुळवून घडी केली आणि आत ठेवली. गादीवर पडलेली सुरकुती तिने तळहाताने सपाट केली.

"त्या दुसऱ्या मुलीला फोन केलात का, ताई?" तिने स्मृतीला विचारलं.